प्लॉट पाडण्याआधी पाण्याची वाट मोजा

ओढ्याच्या नावानं सातबारा निघत नाही. पण ज्या शेतातून ओढा जातो, त्या शेताच्या सातबाऱ्यावर तो असतो. कुठं, तर पोटखराब्याच्या रकान्यात. पोटखराब्याचे दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे खडकाळ, खाचखळग्याची, पिकवता न येणारी जमीन. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक उपयोगाची : रस्ता, पायवाट, ओढा, पाणवठा, दफनभूमी. वर्ग ‘अ’ची जमीन शेतकऱ्यानं राबून वहिवाटीत आणली, तर आता तिची आकारणी करून घेता येते. वर्ग ‘ब’ला ती मुभा नाही, कारण ती जमीन एकट्याची धरलेलीच नाही. इंग्रजी अमलातल्या मोजणीपासून चालत आलेला हा शहाणपणा आहे आणि तो आजही कायद्यात आहे.

मी भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक आम्हाला सर्व्हेअर म्हणतात, जुनी माणसं मोजणीदार. नोकरीची बहुतेक वर्षं वाळवा आणि शिराळा तालुक्यांच्या शिवारात गेली. आधी तेहतीस फुटी साखळी आणि प्लेन टेबल, मग ईटीएस मशीन, शेवटी शेवटी उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर. साधनं बदलली, भांडणं तीच राहिली. बांध कुणाचा, पाणंद किती फुटांची, आणि मधला ओढा गेला कुठं. या तिसऱ्या प्रश्नावरच मला आज बोलायचं आहे. इस्लामपूर वाढतंय. वाढू दे, त्याचा आनंदच आहे. पण प्लॉट पाडण्याआधी पाण्याची वाट मोजली पाहिजे. त्यासाठी नवं काही शोधून काढायचं नाही. ती वाट गावनकाशावर आधीच मोजून ठेवलेली आहे.

नावाचं आधी सांगतो. शासनानं २०२५ साली गावाचं नाव ईश्वरपूर केलं आणि नगरपरिषदेची पाटीही उरुण-ईश्वरपूर झाली. माझ्या हातातल्या जुन्या नकाशांवर आणि माझ्या जिभेवर इस्लामपूर आहे, म्हणून इथं तेच लिहितो. पावसाच्या पाण्याला पाटी वाचता येत नाही, दोन्ही नावांत ते सारखंच साचतं.

बाहेरच्या वाचकाला हे गाव समजायला थोडं अवघड जातं. तालुक्याचं नाव वाळवा, पण वाळवा हे गाव वेगळं, कृष्णेच्या काठावरचं. तालुक्याचं ठाणं मात्र इस्लामपूर. तहसील, प्रांत, कोर्ट, बाजार, दवाखाने सगळं इथं. मूळ गावठाणं दोन, उरुण आणि इस्लामपूर. ती कधीच एकमेकांत मिसळली. संभूआप्पांच्या उरुसात कोण कुठल्या गावठाणातला हे विचारायची सोय राहिलेली नाही. नगरपालिका आली १८५३ साली. त्याच वर्षी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला पोचली होती. म्हणजे पालिका आमच्याकडं रेल्वेच्याच वयाची. रेल्वे तेवढी आजतागायत आली नाही, अजून ताकारी नाहीतर किर्लोस्करवाडी गाठावी लागते. त्याची भरपाई हायवेनं केली. पेठ नाका आणि वाघवाडी फाटा हाकेच्या अंतरावर, एका अंगाला कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला कराड, आणि खाली आष्ट्यावरून सांगली.

२००१च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ५८ हजारांवर होती, २०११ला ती ६७ हजारांवर गेली. त्यानंतर शिरगणती झालेली नाही, पण मोजणीच्या अर्जांचा गठ्ठा ज्यानं उचलला आहे त्याला आकडा सांगावा लागत नाही. बहे रोड, ताकारी रोड, पेठ रोड, कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा. उसाचा फड, मग लोखंडी कमान, कमानीवर कुठल्यातरी देवाचं नाव आणि पुढं ‘नगर’, आत मुरमाचा रस्ता आणि पांढऱ्या चुन्यानं आखलेले चौकोन.

हे लोक येतात कुठून? आधी साखर. साखराळ्याचा कारखाना उभा राहिला, राजारामबापूंच्या मागं सहकाराचं जाळं पसरलं, उसाच्या बिलातून पैसा आला. मग शिक्षण. राजारामनगरला १९८३ साली इंजिनिअरिंग कॉलेज निघालं आणि आटपाडी-जतपासून पोरं खोल्या शोधत इकडं आली. मग दवाखाने. आजूबाजूच्या खेड्यातला माणूस आजारी पडला, की आधी इस्लामपूर गाठतो. आणि चौथं कारण पूर. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत बहे, बोरगाव, वाळवा, शिरगाव या पट्ट्यातल्या माणसांनी जनावरांचं दावं हातात धरून रात्री काढल्या. घर दुसऱ्यांदा पाण्यात गेलं, की माणूस तिसऱ्या पुराची वाट बघत नाही. ज्याला जमतं तो इस्लामपुरात दोन गुंठे बघतो. इस्लामपूर उंचावर, नदी इथंपर्यंत येत नाही, हा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच.

कृष्णेचं पाणी महाबळेश्वरचं आणि कोयनेचं, वारणेचं पाणी चांदोलीचं. ते आमच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. आमचं स्वतःचं पाणी म्हणजे आमच्या डोक्यावर पडणारा पाऊस. वळवाचा एक, परतीचा एक, आणि मधे पिरपिर. तो पाऊस शिवारातून नदीपर्यंत नेणारे छोटे ओढे आहेत. त्यांना आमच्याकडं वगळ म्हणतात. या वगळींना पूररेषा नसते. नदीला असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. जलसंपदा खातं त्या आखतं आणि त्यावर बातम्या होतात, मोर्चे निघतात. वगळीसाठी कुणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

एका मोजणीचं सांगतो. गावाचं, गटाचं नाव सांगत नाही, कारण असे गट जागोजाग आहेत. दोन भावांची वाटणी होती आणि एका भावाचा हिस्सा लेआउटसाठी जाणार होता. नकाशावर गटाच्या मधून ओढा दाखवलेला. जागेवर बघतो तर सपाट रान. मी विचारलं, तर थोरला म्हणाला, “सायेब, त्यो वढा न्हवं, निस्ती वगळ हाय. चार म्हैनं वाहती, आठ म्हैनं कोरडी. दाजिबानं ट्रॅक्टर घालून मोडली.” मी म्हटलं, “आण्णा, मग त्या चार महिन्यांचं पाणी कुठनं जायचं?” त्यांनी शेजारच्या गटाकडं हात केला. शेजारचा म्हणाला, “आमच्यातनं का म्हणून? तुमच्यातनं जायचं, तिकडनंच जाऊंदे.” दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. आणि दोघांच्या मधे, पुढच्या दोन-तीन वर्षांत, घरं उभी राहणार होती.

आता या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे, की ती कागदावर दिसत नाही, शेतात उभं राहिल्यावरच दिसते. प्लॉट कुठल्या जमिनीचे पडतात? चांगल्या, निचऱ्याच्या जमिनीचे सहसा नाही. तिथं ऊस एकरी साठ-सत्तर टन देतो, ती कोण विकेल? प्लॉट पडतात ते बहुधा क्षारपड झालेल्या रानाचे. आमच्या काळ्याभोर जमिनीला नदीवरून उपसा करून पाटानं पाणी दिलं, वर्षानुवर्षं दिलं, ऊस सोडून दुसरं पीक घेतलं नाही. पाणी जास्त झालं, जमिनीखालची पातळी वर आली, आणि पाण्याबरोबर मीठ वर आलं. उन्हाळ्यात बघा, रानावर पांढरा थर दिसतो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या क्षारपड जमिनींवर वर्षानुवर्षं काम झालं आहे, आणि वरचेवर सांगितलेली गोष्ट हीच, की नैसर्गिक निचरा बुजला तर जमीन मरते. वगळ मोडली, पाणी अडलं, रान खारवलं. सगळ्यात आधी कुठलं रान खारवतं? सखल रान. जिथं आजूबाजूचं पाणी येऊन थांबतं ते.

म्हणजे बघा. ज्या रानात पाणी मुरून मुरून ऊस येईना झाला, नेमकं तेच रान विकायला निघतं, आणि नेमकं तिथंच पूरग्रस्त माणूस पाण्यापासून लांब म्हणून घर बांधतो. पैसे जातात, पाणी पाठ सोडत नाही. फरक एवढाच, की आधी ते नदीतून समोरून यायचं, आता ते फरशीच्या खालून येतं.

अशा वसाहतीतली घरं मी बघितली आहेत. भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागतो. रंग दिला की दिवाळी संपायच्या आत पापुद्रे सुटतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. मुरूम टाकून भर केलेल्या घराचा उंबरा शेजाऱ्यापेक्षा दीड फूट वर, म्हणून शेजारी पुढच्या वर्षी आणखी फूटभर भर टाकतो. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याच्या अंगणात सगळ्या गल्लीचं पाणी. शोषखड्डा नावापुरता, कारण जमिनीत शोषायला जागाच नाही. जुलैत खड्डा भरून वर येतो आणि बायका अंगणात विटा टाकून त्यावरून चालतात. बँकेचा हप्ता मात्र कोरड्या जमिनीच्या दरानं चालू असतो.

माझा पुतण्या ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. आमच्या भागातल्या अनेक घरांचं एक पाऊल मुंबई-ठाण्यात आहे. आधी गिरणी आणि माथाडी, आता आयटी आणि बँका. तो गणपतीला आला की म्हणतो, “काका, तुमच्या गावाला सगळं आहे, एक तळं तेवढं नाही.” त्याच्या घरापासून तलाव चालत जाण्यासारखा आहे. सकाळी काठावरून फेऱ्या मारायच्या, संध्याकाळी कणीस खायचं. अलीकडं आमच्या गावातही असं बोलणं ऐकू येतं. बागेत तळं करा, कारंजं लावा, बोटिंग आणा. रविवारी पोरंबाळं घेऊन जायला जागा पाहिजे, हे खरंच आहे. आता लोक बह्याला कृष्णेतल्या रामलिंग बेटावर जातात, समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक तिथं आहे. तळ्याकाठच्या शहराची हौस मला समजते. पण ठाण्याकडं बघायचं तर पुरतं बघावं.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. कोपिनेश्वराच्या शेजारचा मासुंदा, म्हणजे तलावपाळी, येऊरच्या पायथ्याचा उपवन, कचराळी, सिद्धेश्वर, मखमली, रायलादेवी. शिलाहारांच्या काळापासून या गावात तळी होती, साठच्या आसपास होती असं जुनी माणसं सांगतात. आता त्यातली पस्तीसच्या आसपास उरली आहेत. १९८२ साली महापालिका झाली, २०११पर्यंत लोकसंख्या १८ लाखांवर गेली, आणि त्या वाढीत तळी बुजत गेली, काठ आखडत गेले. जी राहिली त्यांना आता कठडे, दिवे, पेव्हर ब्लॉक आहेत. सुंदर आहेत, नाकारत नाही. पण तळं म्हणजे बशीत ओतलेलं पाणी नव्हे. त्याला पाणी घेऊन येणाऱ्या वाटा असतात आणि जास्तीचं नेणाऱ्या असतात. त्या वाटांवर इमारती झाल्या, की मधे उरतं ते डबकं, मग त्याला कितीही दिवे लावा.

अंबाझरीचं उदाहरण ताजं आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरला काही तासांत धो-धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट या चांगल्या वस्त्यांतल्या घरांत माणूसभर पाणी शिरलं. झोपडपट्टीत नव्हे, बंगल्यांत. तलावाच्या खालच्या अंगाला नाग नदीची वाट आहे, तिच्या काठानं वस्ती आवळत गेली होती. पाण्यानं आपली जुनी वाट धरली. २०२२च्या सप्टेंबरात बंगळुरात असंच झालं. कोट्यवधींची घरं असलेल्या लेआउटमधून माणसं ट्रॅक्टरवर आणि होड्यांतून बाहेर काढली. आमच्या पेठ नाक्यावरून जो हायवे जातो, तो तिथंच पोचतो. एकाला एक जोडलेल्या तळ्यांचं ते गाव. मधले कालवे बुजवले आणि वर तळ्याच्या नजाऱ्याची घरं विकली.

इतकं लांब कशाला? कोल्हापूर आमच्यापासून तासाभराचं. तिथलं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापूरकरांना हे पाठ आहे. आणि दर पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं, की वर्तमानपत्रात फोटो येतो, जणू नवल घडलं. तिथं पाणी साचणार नाही तर कुठं साचणार? त्याच शहराच्या दक्षिणेला कळंबा आहे. संस्थानकाळात शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला तलाव, कात्यायनीच्या डोंगराकडून त्याला पाणी येतं. आज त्याच्या आजूबाजूला उपनगर झपाट्यानं वाढतं आहे. २०१६च्या दुष्काळात तो तलाव तळापर्यंत आटला होता, आणि लोकांनी उतरून गाळ काढला. तळ्याकाठी राहायला सगळ्यांना आवडतं. तळ्यापर्यंत येणाऱ्या ओढ्याकाठी दोन गुंठे मोकळे सोडायला कुणालाच आवडत नाही. सगळी गोम इथं आहे.

म्हणून इस्लामपूरला नवं तळं पाहिजे की नको, हा प्रश्न मला मुळात उलटा वाटतो. तळं हे शेवटचं काम आहे. पाण्याला वाट दिली, सखल जागा मोकळी ठेवली, की तळं आपसूक होतं. आमच्याच तालुक्यात रेठरे धरणला जुना तलाव आहे. तो तिथं का आहे हे बघायला अभियंता लागत नाही. टेकडीवरून उतरणारं पाणी जिथं येतं, तिथं कुणीतरी बांध घातला. आज आपण करतो ते उलटं. पाणी जिथं येतं तिथं घरं, आणि जिथं येत नाही तिथं सिमेंटचं तळं करून बोअरच्या पाण्यानं भरायचं. मग त्याला सुशोभीकरण म्हणायचं आणि फीत कापायची.

यावर शेतकऱ्याची बाजू आहे आणि ती मी नेहमी त्याच्या बांधावर उभं राहून ऐकली आहे. ज्याचं रान खारवलं त्यानं काय करायचं? ऊस येत नाही, सोयाबीन तग धरत नाही. मुलाची कॉलेजची फी, मुलीचं लग्न, दवाखाना. गुंठ्यानं विकलं तर पैसा येतो. त्याला नाव ठेवायचा मला हक्क नाही. पण आकडे बघू. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. दहा फूट रुंदीची वगळ गटातून दोनशे फूट जाते असं धरलं, तर जागा झाली २,००० चौरस फूट. दोन गुंठेही नाहीत. वगळ बुजवून विकणाऱ्याला जेमतेम दोन प्लॉट जास्त मिळतात. आणि त्या दोन प्लॉटसाठी वरच्या अंगाची वीस-पंचवीस घरं पिढ्यान्‌पिढ्या भिंतीचा लोणा खरवडत बसतात. हा तोट्याचा सौदा आहे. विकणाऱ्याचा नव्हे, गावाचा.

त्यात आणखी एक धागा आहे. क्षारपड जमीन सुधारायला आता जमिनीखाली भोकं असलेले पाइप टाकतात, चार-पाच फूट खोल. मुळांखालचं खारं पाणी त्यातून वाहून जातं आणि दोन-चार वर्षांत रान पुन्हा पिकायला लागतं. आमच्या भागात ही कामं झाली आहेत आणि त्यांचा गुण दिसतो. पण त्या पाइपांचं पाणी शेवटी सोडायचं कुठं? ओढ्यातच. खालच्या अंगाला प्लॉट पडून ओढा बुजला, की वरच्या शेतकऱ्याचा पाइप तुंबतो आणि त्याचं सुधारत आलेलं रान परत खारवतं. मग तेही प्लॉटला निघतं. म्हणजे एक वगळ मोडली, तर शहर आणि शेत दोन्ही तिच्याबरोबर मोडतात. नगरपरिषदेची हद्द कुठं संपते आणि ग्रामपंचायतीची कुठं सुरू होते, हे पाण्याला कुणी सांगितलेलं नाही.

कायदा अपुरा आहे का? माझ्या मते नाही. २०२० साली राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मिळाली. ४० गुंठ्यांच्या वरच्या लेआउटला दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. पण ती कुठं सोडतात? कोपऱ्यात, तिकोनी, वीजवाहिनीच्या खाली, जिथं प्लॉट बसत नाही तिथं. ती नेमकी सखल भागात, वगळीच्या काठानं सोडली, तर तीच बाग, तेच पावसाळी तळं, तोच निचरा. पैसा एक रुपया जास्त लागत नाही. ४० गुंठ्यांच्या आतलं मात्र सगळं सुटतं, म्हणून चलाख माणूस रान तुकड्या-तुकड्यानं काढतो. आणि जे मंजुरीशिवायच विकलं गेलं, त्याला गुंठेवारीचा कायदा आहे, २००१चा. त्याची मुदत पुढं सरकून ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची घरं नियमित करायची सोय झाली. घर नियमित होतं, सातबाऱ्याची अडचण मिटते. घराखाली गाडलेला ओढा काही नियमित होत नाही.

विकास आराखड्यात आरक्षण टाकून ठेवलं म्हणजे झालं, असंही नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, मालकानं १२७ कलमाखाली नोटीस दिली आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत काही हालचाल झाली नाही, की आरक्षण उठतं. छोट्या नगरपरिषदेकडं मोबदल्याला पैसे नसतात, म्हणून अनेक आरक्षणं अशीच उठतात. वगळीचं तसं नाही. पोटखराबा ‘ब’ ही आधीच सार्वजनिक उपयोगाची जागा आहे, ती विकत घ्यायची नाही, फक्त राखायची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हेच बजावलं. पटियाळा जिल्ह्यातल्या एका खेड्याचं तळं बुजवून लोकांनी घरं बांधली होती. न्यायालयानं अतिक्रमण काढायला सांगितलं आणि सगळ्या राज्यांना सामायिक जागा सोडवायच्या योजना करायला सांगितल्या. इतका खर्च केलाय, घर झालंय, आता नियमित करा, ही सबब चालणार नाही असंही म्हटलं.

मग करायचं काय? मोठी गोष्ट सांगत नाही. पहिलं, भूमिअभिलेखचे गावनकाशे आणि एकत्रीकरणाचे नकाशे काढा, त्यावरचा प्रत्येक ओढा, नाला आजच्या उपग्रह नकाशावर चढवा आणि तो नकाशा नगरपरिषदेच्या दारात लावा. दोन तरुण सर्व्हेअर, एक रोव्हर, दोन महिने, एवढंच काम आहे. कॉलेजात स्थापत्य शाखा आहे, पोरांना प्रकल्प म्हणूनही देता येईल. दुसरं, लेआउट मंजुरीच्या वेळी मोजणीच्या ‘क’ प्रतीवर वगळ दाखवल्याशिवाय फाइल पुढं सरकू नये, आणि खुली जागा सगळ्यात सखल भागातच असावी. तिसरं, जिथं वस्ती झालीच आहे तिथं घरं पाडायची नाहीत, पण रस्त्याच्या कडेनं का होईना, पाण्याला खुली गटार न देता खरी, उतार असलेली वाट द्या, आणि ती नदीपर्यंत पोचते का हे एकदा पावसात चालून बघा. पेठ-सांगली रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे. असा रस्ता उंच होतो तेव्हा तो बांध बनतो. मोऱ्या कुठं ठेवल्या आणि किती रुंदीच्या ठेवल्या, हे आजच बघायला पाहिजे. डांबर पडल्यावर बघून उपयोग नाही.

हे सगळं करायला पुढारी, अधिकारी लागतील, आणि ते त्यांच्या चालीनं चालतील. पण प्लॉट घेणाऱ्याला थांबायचं कारण नाही. पूरग्रस्त असाल, नोकरदार असाल, पेन्शनचे पैसे घालणार असाल, इसार देण्याआधी तीन गोष्टी करा. सातबाऱ्यावर पोटखराबा ‘ब’ किती आहे ते वाचा. गटाचा नकाशा काढून त्यात ओढा आहे का बघा. आणि जागा उन्हाळ्यात बघितली असली तरी व्यवहार जुलैत, पाऊस चालू असताना तिथं तासभर उभं राहून मगच करा. शेजारच्या शेतात पांढरा थर दिसला किंवा जुन्या घराच्या भिंतीला लोणा दिसला, तर दलालाला सरळ विचारा, की इथलं पाणी जातं कुठं. तो “आता गटार होणार आहे” असं म्हणाला, तर गटार झाल्यावर या. तो चिडला, तर समजा की उत्तर त्याला माहीत आहे, आणि पैसे खिशात ठेवून दुसरा प्लॉट बघा.